उसना पट्टा

चीजच्या कारखान्यात आमच्या पाळ्या कमी झाल्या, त्या वर्षी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मार्लाने ठरवलं की यंदा घरात मांस विकत आणायचं नाही. नवरा सोडून गेलेला, पदरात दोन वाढत्या मुली. दुकानात मांसाचा भाव बघून ती नुसतीच उभी राहायची. विस्कॉन्सिनच्या आमच्या टेकड्यांत बंदुकीची शिकार जेमतेम आठवडाभर चालते. धनुष्याची मात्र सप्टेंबरपासून नाताळ उलटेपर्यंत. म्हणून ती थोरल्या भावाकडे, एल्डनकडे गेली.

"तू? अगं, आई कोंबडी कापायची तेव्हा तू गवताच्या कोठारात लपायचीस!"

"आता कोंबडीही परवडत नाही. शिकवतोस की नाही ते सांग."

एल्डन घरांची छपरं शाकारायचा. थट्टेखोर माणूस, पण शिकवायला बसला की शिस्तीचा. सैन्यात गेलेल्या कुणा मुलाचं जुनं धनुष्य त्याने तिला जुन्या सामानाच्या विक्रीतून मिळवून दिलं आणि त्याची दोरी बदलून आणली. सरावाला निशाण म्हणून त्यांनी खाद्याच्या पोत्यात नवऱ्याचे उरलेले शर्ट कोंबले. पहिला बाण पोत्यात घुसला तेव्हा मार्ला म्हणाली, "चला, त्या माणसाचा काहीतरी उपयोग झाला."

तिला ठिपक्याठिपक्यांचं शिकारी जाकीट हवं होतं. एल्डनने ते उडवून लावलं. "हरीण काय तुझे कपडे बघायला येतंय? बाबांचा लोकरी शर्ट माणसाचा वास जायला खायच्या सोड्यात धू, घाल, आणि वारा बघून बस. दोनच गोष्टी नव्या घ्यायच्या. बाणाची पाती आणि मचाणावर स्वतःला झाडाशी बांधायचा पट्टा. बोथट पात्याने जनावर हाल होऊन मरतं आणि पट्टा नसला तर आपण."

पाती तिने घेतली. मग गाडीचे ब्रेक गेले आणि पट्टा राहिला. एल्डनने आपला काढून तिच्या अंगावर टाकला.

"आणि तू?"

"मी छपरांवर चालून पोट भरतो. झाड म्हणजे मला स्टूल."

"एल्डन, असं नको."

"घाल गुपचूप. पगार झाला की तुझा घे."

पगार झाला. धाकटीला थंडीचे बूट लागले. पट्टा मार्लाकडेच राहिला.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे दोघं सरकारी रानात गेली. मार्लाचं मचाण उतारावर होतं, एल्डनचं टेकडीच्या माथ्यापलीकडे, ओढ्याजवळ. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने हरणाची एक मादी पानं चाळवत आली आणि थेट खाली थांबली. मार्लाने दोरी कधी ओढली आणि कधी सोडली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मादी उसळली आणि माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

लगेच उतरायचं नाही, जनावराला शांतपणे पडू द्यायचं, असं एल्डनने बजावलं होतं. ती बसून राहिली. मग उतरली आणि ओकच्या पानांवरचं रक्त बघत निघाली. माग ओढ्याकडेच जात होता. एल्डनला कसं सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती.

तो झाडाच्या बुंध्याशी उताणा पडलेला दिसला. तिला हसू आलं.

"ऊठ रे नाटक्या! माझा माग मोडशील."

तो उठला नाही. ती जवळ गेली. त्याच्या बाह्यांवर दंव साचलं होतं. ओठ निळे, डोळे उघडे. मार्लाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते कसं पुसायचं, तेच तिला कळेना.

"हात लावू नकोस," तो पुटपुटला. "चढतानाच पाय निसटला. कमरेखाली काही कळत नाही. पाय आहेत ना माझे?"

"आहेत."

"हाका मारल्या गं. तुझ्यापर्यंत आल्या नाहीत."

तिने बाबांचा शर्ट काढून त्याच्यावर घातला, पट्टा पुन्हा अंगावर अडकवला, का ते देव जाणे, आणि फोनला रेंज मिळेपर्यंत चढण धावत सुटली. फोनवर तिने रस्त्याचं नाव दोनदा चुकीचं सांगितलं. शेवटी गावातले अग्निशमनवाले स्ट्रेचर घेऊन उतरले आणि कापणी झालेल्या मक्याच्या शेतात हेलिकॉप्टर आलं.

इस्पितळात एल्डनची बायको जोलीन भिंतीशी बसली होती. "त्याचा पट्टा कुठे होता?" तिने विचारलं. "मी स्वतः त्याला घेऊन दिला होता. शपथ घातली होती."

मार्लाने तोंड उघडलं. पण जोलीनची नजर आधीच तिच्या छातीवर गेली होती. पट्टा तिथेच होता, सगळ्या कड्या लावलेला. खांद्यावर जोलीनच्या अक्षरात काळ्या शाईने लिहिलेलं: एल्डन.

मार्ला कड्या ओढू लागली, पण बोटं ऐकेनात. जोलीन उठली. लहान मुलीचा कोट उतरवावा तशी तिने एकेक कडी सोडवली, पट्ट्याची घडी करून छातीशी धरली आणि म्हणाली, "आता जा. मुली एकट्या असतील."

शस्त्रक्रियेनंतर एल्डन शुद्धीवर आला आणि मार्लाला बघून त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"हरणाचं काय झालं?"

"एल्डन, तुझा कणा मोडलाय."

"ते डॉक्टरने सांगितलं. हरणाचं विचारतोय."

"शोधलं नाही."

"मग इथे काय करतेस? जा!"

ती गेली. मादी ओढ्यापलीकडे सापडली, पण कोल्ह्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तिने परत येऊन खरं ते सांगितलं. एल्डनने भिंतीकडे तोंड वळवलं आणि हुंदके देऊन रडू लागला. पायांबद्दल ऐकताना ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तो माणूस! मार्ला पलंगाचा दांडा धरून उभी राहिली. तो नेमका कशासाठी रडला, ते तिला अजून ठाऊक नाही. तिने विचारलंही नाही.

उन्हाळ्यापर्यंत त्याच्या डाव्या पायात जीव आला. आता तो कुबड्यांवर चालतो. छपरांचं काम सुटलं. खिळे-स्क्रूच्या दुकानात गल्ल्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांची थट्टा करतो. जोलीन सगळा हिवाळा मार्लाशी एक शब्द बोलली नाही. चर्चमध्ये तिच्यापासून वेगळ्या बाकावर बसायची.

"सोडून देऊ का गं शिकार?" कारखान्यातली पाळी संपल्यावर मार्लाने एकदा मला विचारलं.

पुढच्या शरदात ती गेली. मचाण नाही; उन्मळलेल्या खोडाला टेकून जमिनीवरच बसली. ऑक्टोबरात एक तरणा नर मिळाला. या वेळी जनावर डोळ्यांदेखत पडलं. तरी ती म्हणते, जवळ जाण्याआधी पानांत आणखी कुणी दिसतंय का, ते बघत ती खूप वेळ उभी होती.

अर्धं मांस कागदात बांधून तिने एल्डनच्या घरी नेलं. दार जोलीनने उघडलं. पुडकं घेतलं, हातात तोललं.

"कोण आहे?" आतून एल्डन ओरडला.

"तुझी बहीण," जोलीन म्हणाली आणि पुडकं घेऊन स्वयंपाकघरात गेली. दार तिने लावलं नाही. मार्ला पायरीवर जरा वेळ घुटमळली, मग बुटांचा चिखल झटकू लागली.