सुनयनाच्या हातचा भात

कुंभारवाड्यात त्या दिवशी झिलूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दत्तप्रसादबुवाने टोपल्या उचलल्या आणि बायका किंचाळल्याच. झिलूच्या दोन म्हशी कोणामुळे मेल्या हे बुवा भातावरून सांगणार होता. केळीच्या तीन पानांवर तीन बायकांनी शिजवलेला, दोन दिवस झाकून ठेवलेला भात. दोन पानांवरचा पांढरा, तिसऱ्यावर रक्ताचे थेंब. ते तिसरं पान झिलूच्या बायकोचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, सुनयनाचं.

"बगा! भात बोलतोय!" बुवा गरजला. "मरण हिच्या हातात हाय. दोन म्हशी हिनंच खाल्ल्या!"

म्हशी आजारी पडल्या तेव्हा गुरांच्या डॉक्टरला बोलवा असं म्हणणारी एकटी सुनयनाच होती. बुवाच्या पाया न पडणारीही तीच. भाताला हे अगदी बरोबर कळलं होतं.

"आजपास्नं ही चुलीला शिवायची न्हाई," तिची सासू सुशीला म्हणाली. "घेऊन जावा हिला, विनोदअण्णा."

मी जोयड्याला दवाखान्यात रक्त तपासतो. रक्त वाळलं की काळपट पडतं; हे जास्वंदीसारखं लाल होतं. मी सुनयनाला बाजूला घेतलं. "बुवाने भातावर काय टाकलं होतं?"

"त्या दोघींच्या भातावर अक्षता. माझ्या भातावर तीर्थ. माझा विटाळ जास्त म्हणून."

सुनयनाला घराबाहेर काढायच्या आधी चार दिवसांची मुदत मागून मी चिमूटभर भात आणि बुवाच्या तांब्यातलं तीर्थ दवाखान्यात घेऊन आलो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी एकही नव्हती. दोन्हींत त्याच बारीक काड्या होत्या, जीवाणूंच्या.

दोनशे वर्षांपूर्वी इटलीत मक्याच्या लापशीवर असंच 'रक्त' उठलं होतं आणि लोक हादरले होते. औषधं बनवणाऱ्या एका तरुणाने लापशी दमट जागी ठेवून स्वतः लाल करून दाखवली. लाल रंग आणणाऱ्या त्या जिवाला बुरशी समजून त्याने नाव दिलं. पुढे कोणी त्याला प्राण्यांत घातलं, शेवटी तो जीवाणूंत गेला. शास्त्रज्ञ चुकले, पण चूक दिसली की ती खोडत गेले. आमचा बुवा मात्र कधीच चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात मी सगळ्यांदेखत भात शिजवला आणि दोन पानांवर वाढला. एकावर बुवाच्या तांब्यातलं तीर्थ तसंच शिंपडलं, दुसऱ्यावर उकळून गार केलेलं. पानं टोपल्यांनी झाकून एका खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गावातल्या वडीलधाऱ्या पुंडलिककाकांकडे दिली.

दोन दिवसांनी दार उघडलं. उकळलेल्या तीर्थाचा भात पांढरा. दुसरा लालभडक.

मी दोन्ही पानं सगळ्यांसमोर धरली. "बघा! हा माझ्या हातचा भात. सुनयनाने शिवलासुद्धा नाही. लाल रंगाचे जीव तीर्थात आहेत, उकळलं की मरतात. आधीच्या लाल भाताची चिमूट तांब्यात टाकली की झालं काम. ज्या पानावर तीर्थ, त्याच पानावर रक्त!"

"व्हय की," पुंडलिककाका हळूच म्हणाले. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

बुवाने शांतपणे हात जोडले. "अण्णा खरं बोलले. त्यांच्याबी हातच्या भाताला रगत आलं. भाऊच न्हवं का तिचा? माहेरच्या कुळातच हाय ते."

"आन उकळलेल्या तीर्थाला का न्हाई आलं?" पुंडलिककाकांनी विचारलं.

"देवाला उकळलं तर देव ऱ्हाईल व्हय त्यात?"

गर्दीने माना डोलावल्या. मग माझ्याजवळ उभी असलेली माणसं एकेक पाऊल मागे सरली. माझा पुरावा बुवाने माझ्यावरच उलटवला होता.

सुनयनाला घेऊन मी जोयड्याला आलो, त्याला महिना झाला. झिलू एकदा बसस्टँडवर दिसला आणि त्याने तोंड फिरवलं. मला त्याचा राग येतो, बुवापेक्षाही जास्त.

काल सुनयना दवाखान्यात आली आणि माझ्या टेबलावर तिने दोन्ही हात पालथे ठेवले.

"अण्णा, माझे हात तपास की."

मी तपासले. तिच्या हातावर जे जीव होते तेच माझ्याही हातावर होते, तसेच सगळ्यांच्या हातावर असतात. तिच्या आणि माझ्या हाताच्या दोन्ही काचा तिला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या.

"नीट बग," ती म्हणाली.

आता मला फारशी आशा नाही, तरी सांगतो. तुमच्या गावात भात लाल झाला तर बाईकडे बोट दाखवण्याआधी तीर्थ उकळून बघा, आणि जे दिसेल ते मान्य करा. माझ्या घरी सुनयना झाडते, भांडी घासते, भाजी चिरते. भाताला मात्र ती हात लावत नाही; तो अजून मीच शिजवतो.