शिंकणाऱ्या गल्लीतली दाढी

माझा हात हलका आहे हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. या रस्त्यावरच्या आजोबांपासून नातवांपर्यंत सगळ्यांच्या हनुवट्या माझ्या बोटांखालून गेल्या आहेत आणि एकाच्याही गालावर रक्ताचा थेंब आलेला नाही. तरीही दरवर्षी रस्त्याकडेची झाडं फुलली, की मी मुकाट्याने दुकानाच्या दाराला पाटी लावायचो: ‘फक्त केस. दाढी बंद.’

झाडं फुलली की उभ्या गाड्यांवर पिवळी पूड बसते आणि अख्खी गल्ली शिंकायला लागते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सकाळी बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहितो, हवेतले परागकण कमी, मध्यम की जास्त. ‘जास्त’ लिहिलं की माझं नाक वाहायला लागलंच म्हणून समजा. वर शिंकणारा न्हावी, खाली शिंकणारं गिऱ्हाईक आणि मध्ये वस्तरा. ही जोखीम मी कधी घेतली नाही.

इतकी वर्षं ते निभावलं. लोक दाढी वाढवून माझी वाट बघायचे. यंदा मात्र समोर नवं सलून उघडलं. तिथे मशीन फिरवतात, गाल खरखरीत ठेवतात आणि वर त्याला फॅशन म्हणतात. माझी माणसं एकेक करून माझी नजर चुकवत रस्ता ओलांडायला लागली. दाढीला गेलेला माणूस उद्या केसांनाही तिकडेच जाणार, आणि मग मी दुकानात माश्या मारत बसणार, हे मला दिसत होतं.

दुकानात माझ्याबरोबर माझी मुलगी असते. अख्ख्या गल्लीत न शिंकणारी ती एकटीच. केस ती माझ्यापेक्षा छान कापते. हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. वस्तरा मात्र मी तिला कुणाच्या गालाला लावू दिला नव्हता. ती घरी फुग्याला फेस लावून सराव करायची, तेव्हा आतल्या खोलीतून फटाफट फुगे फुटायचे आणि तिची आई दचकून मला बोलायची. हल्ली ते आवाज बंद झाले होते. मला वाटलं, पोरीने नाद सोडला.

त्या दिवशी फळ्यावर ‘अति जास्त’ होतं. मी नाक पुसत दुकानात शिरलो तर दारावरची पाटी गायब.

“पाटी कुठाय?”

“काढली,” मुलगी म्हणाली. “आजपासून दाढी सुरू. मी करणार. काका, बसा.”

हे काका म्हणजे माझा जुना दोस्त, टॅक्सी चालवतो. केस कापायला आला होता, आठवड्याची दाढी घेऊन. तो एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एक जरी कापला गेला ना, तर दुकानाचं नाव मातीत जाईल! शिंका काय तू थांबवणार आहेस?”

“थांबवायच्या कशाला, बाबा? आधी ओळखायच्या.”

“असं? मग मलाच करून दाखव!” मी खुर्चीत जाऊन बसलो. वर आणखी म्हणालो, “आणि दार सताड उघड. येऊ दे सगळी पूड आत.”

तिने दार उघडलं. ब्रशने फेस केला, माझ्या गालांना लावला, दोन बोटांनी कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. वस्तरा टेकला की माणूस कळतो. तिचा हात हलका होता.

पण मी कसला ऐकतोय? नाकपुड्या फुगवल्या, डोळे मिटले, श्वास ओढून धरला. शिंक आलीच असं हुबेहूब सोंग. वस्तरा आपल्या चालीने कानापासून हनुवटीपर्यंत उतरला.

“सोंग नको, बाबा. तोंड वाकडं केलंत तर मिशी जाईल.”

बाकावरून टॅक्सीवाला खो खो हसला. मला राग आला आणि गंमतही वाटली. मी सोंग सोडून नीट बसलो. दुसरा गाल झाला, हनुवटी झाली. वस्तरा गळ्यावर आला आणि मध्येच थांबला. तिने हात उचलून मागे घेतला.

“काय झालं?” असं विचारायला मी तोंड उघडलं आणि त्या तोंडातून एवढी मोठी शिंक निघाली, की आरशावर फेस उडाला. लागोपाठ आणखी दोन. ती हात वर धरून शांत उभी होती. मग टॉवेलने माझं नाक पुसलं आणि राहिलेला गळा करायला घेतला.

“मलाच कळलं नव्हतं,” मी म्हणालो. “तुला कसं कळलं?”

“तुमचा उजवा पाय आधी सरळ होतो. लहानपणी तुमच्या मांडीवर बसायचे ना, पाय सरळ झाला की मी घसरून खाली. पडून पडून शिकले.”

मी गळ्यावरून हात फिरवला, आधी सुलटा, मग उलटा. कुठे खरखर नाही, कुठे रक्ताची ओल नाही. काहीतरी खोट काढायची म्हणून आरशात वाकून वाकून पाहिलं. सापडली नाही. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या हाताचा कधी झाला नव्हता, खरं सांगतो.

“तुझं तुझ्या बापापुरतं झालं,” टॅक्सीवाला म्हणाला. “माझी शिंक कशी ओळखशील?”

“तुमचे कान हलतात, काका. केस कापताना कितीदा कात्री मागे घेतलीय मी.”

तो कान चाचपत खुर्चीत बसला. त्याच्या गळ्याभोवती टॉवेल मी गुंडाळला.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस दारात आला. डोळे लाल, हातात रुमाल, दोन शिंका देऊनच आत शिरला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दाढी होईल? समोरच्या सलूनवाल्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, शिंकणाऱ्याला हात लावत नाही.”

“होईल की. बसा. ही माझी मुलगी, ती करेल. आधी जरा तुम्हाला शिंकताना बघू दे तिला.”

“आणि तुम्ही काय करता?”

“मी ना? मी शिंकतो,” असं ऐटीत सांगून मी गरम पाणी आणायला आत गेलो.