हलक्यातला नको, हलका हवा

चंदनच्या दुकानात छायाबाईंनी तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द चुकला.

"हलका ट्रायपॉड दाखव रे," त्या म्हणाल्या.

चंदनने मान वर न करता काउंटरखालून एक पातळ पिशवी ओढली आणि तीन काड्यांची एक वस्तू काचेवर उभी केली. छायाबाईंनी तिचे पाय पूर्ण लांब केले, खटके लावले आणि वर तळहात ठेवून जरासा भार दिला. तिन्ही पाय तीन दिशांना निघाले. नुकत्याच जन्मलेल्या रेडकाचे पाय असे फाकतात.

"हा तर डुगडुगतोय."

"आंटी, तुम्हीच तर हलका मागितला. हलक्यात असाच येतो."

"अरे, हलक्यातला नाही. हलका. वजनाला हलका, पण मजबूत."

चंदन बुचकळ्यात पडला. या बाजारात त्याचा जन्म गेला होता. इथे हलका माल म्हणजे हलक्या प्रतीचा आणि भारी म्हणजे उत्तम, मग ते लुगडं असो, जिलेबी असो की पंखा. हलकं आणि मजबूत एकाच दमात मागणारं गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं.

"मजबूत पाहिजे तर भारी घ्या ना," असं म्हणत त्याने आतून काळं धूड आणलं. "शादीच्या शूटिंगवाले हाच नेतात. एकदम भारी चीज आहे."

छायाबाईंनी ते उचलून पाहिलं. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा अधूनमधून आपलं अस्तित्व दाखवायचा. त्याने ताबडतोब दाखवलं.

"हे मला कसं उचलेल?"

"तुम्ही कशाला उचलायचं? कोणी पोरगा घ्या की सोबत."

सोबत कोणी नको होतं, हीच तर सगळी गोष्ट होती. पण ती चंदनला काय सांगणार?

छायाबाईंचे यजमान, मधुकरराव, नेपानगरच्या कागद गिरणीत होते. कॉलनीतल्या त्या दिवसांत बायकांच्या हातात कॅमेरा फारसा दिसायचा नाही, पण मधुकररावांनी हौसेने घेतलेला कॅमेरा पहिल्या महिन्यातच बायकोच्या हाती गेला आणि तिथेच राहिला. गणपती, डोहाळजेवणं, मुंजी, बदली झालेल्यांचे निरोप, सगळे फोटो छायाबाईंनी काढले. बाहेर बांबूच्या लगद्याचा ओला वास आणि आत हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेली माणसं. "जरा जवळ सरका" असं त्या म्हणायच्या आणि माणसं सरकायची. या सगळ्या फोटोंत नव्हत्या त्या एकट्या छायाबाई. फार तर उन्हातल्या एखाद्या फोटोत पुढ्यातल्या मातीवर त्यांची सावली पडलेली असे. त्यावरून त्यांची थोरली बहीण मालूबाई म्हणायची, "आईनं तुझं नाव बराबर ठेवलं वं. फोटोत तू तेवढीच दिसते."

या मालूबाईंबरोबर छायाबाईंचा एकही फोटो नव्हता. धड तर नाहीच, पण बिघडलेलासुद्धा नाही.

दोघी रावेरच्या. धाकटी गिरणीच्या कॉलनीत गेली, थोरली फोपनारला केळीवाल्या घरात पडली. त्या घरात सासरे, दीर, थोरले जेठ, मग जावई आणि नातसुना, असं कोणी ना कोणी कायम समोर. मालूबाईंच्या डोक्यावरचा पदर म्हणून कधी मागे गेलाच नाही. कॅमेऱ्यामागे माणूस उभा राहिला की त्या मतदार ओळखपत्रावरच्या फोटोसारख्या व्हायच्या. ओठ मिटलेले, नजर जमिनीवर. मात्र बहिणीबरोबर एकट्या असल्या की हीच बाई अशी काही बोलायची, अशा नकला करायची, की छायाबाईंना पोट धरून खाली बसावं लागायचं. ती मालूबाई जगात छायाबाईंशिवाय कोणी पाहिली नव्हती. दिवाळीनंतर थोरला मुलगा मनोज तिला सुरतेला नेणार होता, कायमची. गुडघे गेले होते, तिथे लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता. सगळं रास्तच होतं. पण पाचव्या मजल्यावर सून, नातू, शेजारी यांच्या मधोमध ती पुन्हा कधी एकटी सापडणार?

म्हणून छायाबाईंना ट्रायपॉड हवा होता. केळीच्या बागेत बांधाबांधाने एकटीने नेता येईल असा हलका, आणि तिथल्या भुसभुशीत मातीत कॅमेरा सांभाळेल असा पक्का. उचलायला माणूस लागला की माणूस आलाच, आणि माणूस आला की पदर आला.

सून रंजिता हे ऐकून म्हणाली, "आई, सेल्फी घ्या ना दोघी. स्टिक आहे माझ्याकडे."

"सेल्फीत अक्काचं तोंड काशीफळासारखं गोल गरगरीत येतं. आणि ती माझ्याकडे बघतच नाही, त्या पडद्यातल्या स्वतःकडे बघत बसते."

"मग ऑनलाइन मागवू. हा बघा, लाइटवेट भी है, स्टर्डी भी है. चार स्टार."

ऑनलाइनचा आला. छायाबाईंनी तो अंगणात मांडला, मधला दांडा खालीच ठेवला, वजनासाठी आकड्याला पिशवी लटकवली. जाणत्याने करायचं ते सगळं केलं. तरी कॅमेरा लावल्यावर भिंगाने हळूहळू मान टाकली, कीर्तनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. घट्ट करायचा स्क्रू पिरगाळला तर तो हातात आला. चार तारे देणाऱ्यांनी त्यावर काय उभं केलं होतं कोण जाणे. रंजिताने तो परत पाठवला. दुसरा आला, त्याचा एक पाय आत जायला तयार नव्हता. तोही गेला. कुरियरवाला आता छायाबाईंना नमस्कार करू लागला होता.

त्यांना राहून राहून मधुकररावांनी खंडव्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला सागवानी ट्रायपॉड आठवत होता. पितळी पेचांचा, बोटाने टिचकी मारली तर ठणकन वाजणारा. खांद्यावर टाकून त्या अख्खी कॉलनी फिरायच्या. कॉलनीतलं घर सोडताना तो माळ्यावर राहिला आणि वाळवीने खाल्ला. तसं काही आता बनत नाही, असं त्या रंजिताला तीनदा म्हणाल्या. रंजिताने तीनही वेळा "हो ना आई" म्हटलं.

अशात मालूबाईंच्या धाकट्या मुलाचा, समाधानचा फोन आला. तो ट्रॅक्टरच्या कामासाठी इंदूरला निघाला होता.

"मावशी, काही आणायचं का तिकडून?"

छायाबाईंना देवच भेटला. "आण बाबा. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आण. पण हे बघ, हलकाच आण हं. भारी मुळीच आणू नकोस."

"हलकाच?"

"हलकाच. तुला माझी शपथ. दुकानदार भारी गळ्यात मारेल, तू ऐकू नकोस."

"बरं बरं मावशी," समाधान म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. छायाबाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण त्यांच्या घराण्यात हे कोणाला ठाऊक नव्हतं? भाच्याने मावशीला लुगडं घ्यायचं म्हटलं की मावशीने म्हणायचं, "हलकंच आण रे बाबा, भारी नको." आणि भाच्याने दुकानातलं सगळ्यात भारी आणायचं. हलकं आण म्हटल्यावर जो खरंच हलकं आणेल, त्याचं नाव पुढच्या दोन पिढ्या लग्नाच्या पंगतीत निघतं. स्वतः छायाबाईंनी हे वाक्य उभ्या जन्मात कितीदा उच्चारलं असेल. वर शपथही घातली होती.

रविवारी त्या फोपनारला पोहोचल्या तेव्हा ओसरीवर तो ठेवलेला होता. चंदनच्या धुडाचा थोरला भाऊ शोभला असता. पाय मनगटाएवढे, डोकं उखळीएवढं.

"इंदूरमध्ये याच्यावर दुसरा नाही," समाधान म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ओवाळून घ्यायला बसलेल्या भावाचं तेज होतं. "मी दुकानदाराला सांगितलं, मावशीसाठी आहे. मावशी हलका म्हणाली म्हणून काय आपण हलका न्यायचा?"

छायाबाईंच्या तोंडात जे आलं ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

"चांगला आहे रे," त्या म्हणाल्या.

"आवडला ना? चला, मी उचलतो. बागेत कुठे लावायचा सांगा. फोटो पण मीच काढतो, तुम्ही दोघी नुसत्या उभ्या राहा."

मालूबाईंनी, आपल्या पोटच्या पोरासमोर, पदर कपाळावर ओढला.

"समाधान," छायाबाई म्हणाल्या, "शाहपूरला जाऊन मला एक चांगलं पान घेऊन ये."

"पान? मावशी, तुम्ही पान कधीपासून..."

"आजपासून."

त्याची मोटारसायकल वळणाआड गेली तशा मालूबाई उठल्या. त्यांनी त्या लोखंडाभोवती एक फेरी मारली.

"हे काहाले पाहिजे होतं वं तुले? हौद बांधतू का यावर?"

"अक्का, मी हलका सांगितला होता."

"मग बरोबर आणला त्यानं. हलका म्हटल्यावर कोणी हलका आणते का? तुझ्या लग्नात मामानं खरंच हलकं पातळ आणलं होतं, ते आजवर ऐकतो आपण."

"आता हे बागेपर्यंत न्यायचं कसं?"

"जसं मढं नेतात तसं. एका बाजूनं तू, एका बाजूनं मी."

निघाल्या दोघी. एकीचा खांदा गेलेला, दुसरीचे गुडघे. छायाबाईंनी डाव्या हाताने पाय धरले, मालूबाईंनी डोक्याकडची बाजू घेतली. गळ्यातला कॅमेरा पावलागणिक छातीवर आपटत होता. गोठ्यापर्यंत गेल्या आणि टेकल्या. हौदापर्यंत गेल्या आणि पुन्हा टेकल्या. ठिबकच्या नळीत छायाबाईंचा पाय अडकला आणि त्या इतक्या चिडल्या की त्यांनी ट्रायपॉडला लाथ मारली. लागलं त्यांनाच.

"अजून मार," मालूबाई म्हणाल्या. "त्याला समजत नाही, पण तुले बरं वाटीन."

बागेच्या आत जायचं त्यांनी सोडून दिलं. पहिल्याच ओळीपाशी, जिथे घड नुकते निसवून बाहेर आले होते, तिथे ते धूड उभं केलं. छायाबाईंनी कॅमेरा बसवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावल्या. धावल्या म्हणजे काय, निघाल्या. पोहोचायच्या आत कळ वाजली. फोटोत मालूबाई आणि छायाबाईंची पाठ. दुसऱ्या वेळी पोहोचल्या, पण डोळे मिटले. तिसऱ्या वेळी मालूबाई नेमक्या नाक पुसत होत्या.

"अक्का, जरा नीट उभी राहा की," चौथ्यांदा टायमर लावून येता येता छायाबाई म्हणाल्या.

"मी नीटच आहे. तूच कोंबडीसारखी धावते." आणि मालूबाईंनी ते धावणं करून दाखवलं. लुगडं पोटऱ्यांपर्यंत धरून, मान पुढे काढून, हाशहुश करत, दुखऱ्या गुडघ्यांनी. पदर कधीचाच डोक्यावरून घसरला होता. छायाबाई त्यांना थांबवायला गेल्या आणि हसू आवरेना म्हणून त्यांच्याच दंडाला लोंबकळल्या. टायमर लावलेला आहे हे दोघी विसरल्या. कळ वाजली तेव्हा कोणीही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं.

छायाबाईंनी धापा टाकत जाऊन पडदा पाहिला. फोटो वाकडा होता. छायाबाईंचा डावा खांदा कापला गेला होता, मालूबाईंचा एक पाय अधांतरी होता, पांढरे केस उघडे, तोंड उघडं, त्यातले उरलेसुरले दातही मोजता आले असते. मधुकरराव असते तर म्हणाले असते, फ्रेम गेली. पण लोखंड जराही हललं नव्हतं. दोघींच्या चेहऱ्यांवरची सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ आली होती.

"पाहू," मालूबाई म्हणाल्या. त्या पडद्यावर वाकल्या.

"अशी दिसतो मी?"

"अशीच."

"मनोजले नको दाखवू. सुनेले तर अजिबात नको."

"कोणालाच नाही. दोनच प्रती काढू. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे."

"माझ्याकडे कुठी ठेवू?"

"सुरतेला नेशील त्या पिशवीत. खाली, लुगड्यांच्या तळाशी."

मालूबाईंनी मान हलवली. मग बांधावरून समाधानची हाक आली. पान घेऊन तो घरी पोहोचला होता आणि दोघींना शोधत येत होता. मालूबाईंनी केस मागे सारले, पदर डोक्यावर घेतला, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. बघता बघता त्या ओळखपत्रावरच्या मालूबाई झाल्या.

"अरे, तुम्ही दोघींनी उचलला हा?" समाधान म्हणाला. "मला थांबवायचं ना. बरं, फोटो आला का? दाखवा की मावशी."

"नाही आला," छायाबाई म्हणाल्या आणि कॅमेरा पिशवीत घातला. "काढ आता तू एक."

दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, ओठ मिटून, आणि समाधानने त्यांना जरा जवळ सरकायला सांगितलं.