कानाला लावायचा पेचकस

मी एक पेचकस बोलतोय. हातभर लांब, पोलादी, आणि दांडी लाकडी मुठीतून थेट शेवटापर्यंत गेलेली. जन्म स्क्रू फिरवण्यासाठी झाला, पण फिरवले ते पाच-पंचवीस. बाकी सगळं आयुष्य माणसाच्या कानाशी गेलं. साहेबांच्या कानाशी लागणारे पुष्कळ असतात, पण खरं बोलणारा मी एकटाच.

शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात मी तीस वर्षं काढली. पाच पंप आणि पाचांचा मिळून एकच कल्ला. माझे मालक मिस्त्री. ते माझं टोक पंपाच्या अंगावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडावर दाबायचे आणि डोळे मिटायचे. मग मी त्यांना आतलं सांगायचो, बेअरिंग ठीक आहे की त्यातला एखादा छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, कुरकुरतोय.

यात जादू काही नाही. आवाज म्हणजे धक्का. एक कण शेजाऱ्याला ढकलतो, तो पुढच्याला. हवेतले कण सुटे आणि आळशी, त्यामुळे निरोप रमतगमत जातो. पोलादातल्या कणांनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, तिथे तोच निरोप पंधरापट वेगाने पोचतो. आणि जिथे काहीच नसतं, नुसती पोकळी, तिथून आवाज जातच नाही. मिस्त्रींचं म्हणणं साहेबांच्या डोक्यात का शिरत नसे, हे कोडं मी असं सोडवलं होतं.

साहेब तसे हुशार हो. पंपांच्या आवाजाने डोकं उठतं म्हणून त्यांनी केबिनच्या चारी भिंतींना जाड स्पंज चिकटवून घेतला. पण केबिन उभी होती पंपांच्याच लोखंडी तुळयांवर. आवाज जमिनीतून वर यायचा आणि कपातला चहा थरथरायचा. साहेबांनी खूप विचार केला आणि भिंतींवर स्पंजाचा दुसरा थर चढवला.

मिस्त्रींचंही एक गुपित होतं. लहानपणी कान फुटले, पडद्यांना भोकं राहिली. हवेतून येणारं बोलणं त्यांना जेमतेम ऐकू यायचं, समोरच्याचे ओठ बघून ते निभावून न्यायचे. पण हाडातून येणारा आवाज फाटक्या पडद्यांना बगल देऊन आत पोचतो, आणि आतलं त्यांचं सगळं शाबूत होतं.

एक दिवस फर्मान आलं. सगळ्यांचे कान तपासायचे, जो नापास होईल त्याला पंपघर बंद. मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्या माणसाला पंपांशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं.

तपासणीच्याच सकाळी तीन नंबरच्या पंपात मला खरखर लागली.

"साहेब, तीनचं बेअरिंग जातंय," मिस्त्री म्हणाले.

"यंत्रावर हिरवा दिवा आहे, मिस्त्री. तुम्ही आधी तुमचे कान दाखवा."

तपासायला आलेल्या बाईंनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. मिस्त्री नापास.

"बघा! आणि हे मला पंपाचं सांगतायत," साहेब म्हणाले.

बाईंनी मग कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवून पुन्हा तपासलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, हाडातून यांना माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय. काका, पंप कसा ऐकता, दाखवा बरं."

सगळे तीन नंबरपाशी आले. आधी साहेबांनी मला उचललं. मुठीला ग्रीस होतं, म्हणून ती त्यांनी कानापासून चार बोटं लांब धरली. तेवढ्या हवेत माझा सगळा निरोप सांडला.

"मला तर काही ऐकू येत नाही," ते मोठ्या ऐटीत म्हणाले.

बाईंनी ग्रीसची पर्वा न करता मूठ हाडावर दाबली आणि दचकल्याच. "आत कुणी खडे भरडतंय की काय? बंद करा आधी!"

पंप उघडला तर छर्र्यांचा चुरा झालेला. आणखी दोन तास गेले असते तर अर्धं शहर कोरडं राहिलं असतं. साहेबांनी लगेच वर कळवलं की आपल्या दक्षतेमुळे अनर्थ टळला. बाईंनी कागदावर 'हाडातून श्रवण उत्तम' असं लिहिलं, पण फॉर्मात तसा रकानाच नव्हता. नियम तो नियम. मिस्त्री अपात्र ठरले.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला पाचही पंपांवर एकदा टेकवलं. मग स्वच्छ पुसून स्टोअरकीपरसमोर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेले. मला खूप वाईट वाटलं, पण पेचकसाला विचारतो कोण?

आता मी स्टोअरच्या लोखंडी कपाटात आहे. कपाट त्याच जमिनीवर, जमीन त्याच तुळयांवर. परवापासून पाच नंबरची खरखर माझ्यापर्यंत येतेय, आज ती वाढलीय. कुणी इकडे येणार असाल तर मूठ पुसत बसू नका, सरळ हाडावर दाबा.

मी ओरडायचं तेवढं ओरडतोय. थरथरून थरथरून कपाटाचं दार वाजवलं. शेवटी स्टोअरकीपर धावत आला, त्याने दाराच्या फटीत कागदाची जाड घडी खुपसली आणि म्हणाला, "हां, आता कसं शांत वाटतंय."