गुण्या आणि हरवलेलं वर्ष

मित्रांनो, मी एक गुण्या आहे, आणि आता जुना झालो आहे. नावावरून मला फार गुणी समजू नका. काटकोनात घट्ट बसवलेल्या दोन पोलादी पट्ट्या, एक जाड आणि एक पातळ, एवढाच माझा देह. समोरची कड सरळ आहे का आणि कोपरा काटकोनात आहे का, एवढंच मी आयुष्यभर सांगत आलो. खरं तेच सांगत असल्यामुळे माझ्यावर फारसं कुणी प्रेम केलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही. निदान मी तसं म्हणतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा मी तेलकट कागदात होतो, सोलापुरातल्या एका टेक्निकल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये. रुद्रप्पा मास्तरांनी कागद सोडला, मला खिडकीसमोर धरलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "छलो." मास्तरांच्या घरी कन्नड बोलत. छलो म्हणजे छान. पुढच्या सगळ्या वर्षांत माझी एवढीच स्तुती झाली, पण ती मला पुरली.

त्या शाळेतली पोरं मिसरूड फुटण्याआधी कानस चालवायला शिकत. लोखंडाचे दोन तुकडे घ्यायचे. एकात खोबण करायची, दुसऱ्याला तिच्यात बसेल अशी जीभ घासून काढायची. याला म्हणायचं जॉब. मग मला लावून बघायचं आणि जोडी खिडकीसमोर धरायची. सांध्यातून उजेड दिसला की काम कच्चं, पुन्हा घासायचं. मित्रांनो, ती उजेडाची रेघ आधी सुतळीएवढी असते, मग दोऱ्याएवढी, मग केसाएवढी. आणि एखाद्या दुपारी ती मिटते. दोन तुकडे आहेत हे डोळ्यांना पटेनासं होतं. माणसाच्या हाताला हे जमतं याचं नवल मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

ही रेघ सगळ्यात सुरेख मिटवायचा बिरप्पा. दुधनीकडच्या माळावरचा मेंढपाळाचा मुलगा, शुक्रवार पेठेत आत्याकडे राहून शिकणारा. त्याचे वडील येडू मधूनमधून त्याला भेटायला यायचे. खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीत हमखास एखादं अशक्त कोकरू. मास्तर म्हणायचे, "येडूबा, हे पण ॲडमिशनला आणलं का?" येडू म्हणायचे, "त्याला एकट्याला कुटं ठिवू, मास्तर? आईनं टाकलंय त्याला."

बिरप्पाला एक खोड होती. जॉब पुरा झाला की प्रत्येकाने त्यावर आपला हजेरी नंबर ठोकायचा, असा वर्कशॉपचा नियम. बिरप्पा नंबर टाकायचाच नाही. त्याऐवजी जॉबच्या एका कोपऱ्यात कानशीने बारीकशी तिरपी खाच पाडायचा. मास्तर दर वेळी ओरडायचे, तो दर वेळी मान हलवायचा, आणि पुढच्या जॉबवर पुन्हा तीच खाच.

मग दुष्काळ पडला. माळावर काडी उरली नाही. बिरप्पा शाळा सोडून वडिलांबरोबर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला. परत आला तेव्हा कळप निम्मा झाला होता, आणि त्याचे सोबती एक इयत्ता पुढे गेले होते. त्याने तक्रार केली नाही. आला, कानस उचलली आणि घासू लागला. मी तर पोलादाचा. वर्ष म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. त्याच्या गप्प बसण्यावरून कळलं की ती हरवणारी वस्तू आहे.

मॅट्रिक झाल्यावर त्याला डिप्लोमा करायचा होता. कोर्स तीन वर्षांचा. पण येडूंच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं आणि दुसराही मंदावत होता. ते म्हणाले होते, "दोन वरसं मी एकला राखतो मेंढरं. तिसऱ्याचं मला सांगता येत न्हाय." सोलापुरातल्याच एका कॉलेजात तेव्हा एक सोय होती. शाळेत टेक्निकल विषय घेतलेल्या मुलाचं काम प्रिन्सिपलांना पटलं, तर त्याला पहिलं वर्ष माफ व्हायचं आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळायचा. म्हणजे दुष्काळाने नेलेलं वर्ष परत मिळणार होतं. नाही मिळालं, तर बिरप्पा पुन्हा मेंढरांमागे.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी बिरप्पाचे जॉब पिशवीत घातले, मला कोटाच्या खिशात घातलं आणि बापलेकांना घेऊन आम्ही निघालो. मी प्रथमच वर्कशॉपबाहेर पडलो होतो. खिशातून अर्धा बाहेर होतो म्हणून सगळं बघता आलं.

प्रिन्सिपल आबासाहेब कडक, पण ऐकून घेणारे. त्यांनी जॉब टेबलावर मांडले, उलटेसुलटे केले आणि विचारलं, "नंबर कुठाय?"

बिरप्पा खाली बघू लागला. आबासाहेबांनी शांतपणे सांगितलं की दर वर्षी कुणी ना कुणी थोरल्या भावाचं काम आपलं म्हणून घेऊन येतं. नवा जॉब करवून घ्यावा तर त्याला दोन दिवस लागतील आणि प्रवेश आज बंद होणार. शिवाय प्रत्येक जॉबच्या कोपऱ्यात खाच आहे, हा तर सरळ दोष. मास्तर काहीतरी बोलू लागले, पण शिक्षक आपल्या मुलाची बाजू घेणारच, असं म्हणून आबासाहेबांनी त्यांना थांबवलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या येडूंच्या घोंगडीतून कोकरू ओरडलं. शिपाई धावला. पण येडू आत आले, टेबलाशी वाकून त्यांनी एक जॉब डोळ्यांजवळ नेला, त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हसले.

"सायेब, ह्यो दोष न्हाय. आमची खूण हाय."

त्यांनी कोकराचा डावा कान आबासाहेबांच्या पुढे केला. कानाच्या कडेला तशीच बारीक तिरपी खाच. कळपातल्या प्रत्येक मेंढराला ती असते, त्यांच्या वडिलांच्या काळापासून.

आबासाहेबांनी चष्मा वर केला. एकदा कान पाहिला, एकदा जॉब. "मग नंबर का नाही टाकला, रे?"

"नंबर दरसाल बदलतो की, सर," बिरप्पा हळूच म्हणाला. "खूण बदलत न्हाय."

आबासाहेबांनी हात पुढे केला आणि मास्तरांनी मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी एकेक जॉब मला लावला, खिडकीपाशी नेला. सांध्यांतून उजेड नाही. कुठेच नाही. फक्त कोपऱ्यातल्या त्या खाचेतून ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड आत आला आणि आबासाहेबांच्या गालावर पडला. मित्रांनो, मी हजारो कडा तपासल्या, पण उजेड दिसला आणि काम तरीही पक्कं ठरलं, असं एकदाच पाहिलं.

आबासाहेबांनी निर्णय दिला. वर्कशॉप माफ, प्रवेश दुसऱ्या वर्षाला. मात्र ड्रॉइंग कच्चं आहे, ते पहिल्या वर्षाचं सोबत पुरं करावं लागेल.

येडूंना यातलं फारसं उमगलं नसावं. त्यांनी विचारलं, "म्हंजे दुष्काळात गेलेलं वरीस घावलं का आमचं?"

"घावलं," आबासाहेब म्हणाले. "पण जरा लंगडतंय."

"लंगडू द्या की," येडू म्हणाले, "खांद्यावर घिऊ."

बिरप्पाने पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगसकट दोन वर्षांत डिप्लोमा पुरा केला. आता तो कुठल्याशा कारखान्यात आहे, असं ऐकतो. मास्तर निवृत्त झाले. माझ्यावर गंज चढला आहे. परवा एका मुलाने मला वापरून रंगाचा डबा उघडला. त्याला दोष देत नाही, मी काय काम करत होतो हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. मला थोडं तेल लावा, आणि जमिनीवर पाडू नका. पडलेला गुण्या वरून धड दिसतो, पण त्याचा कोन चळलेला असतो. मग तो चांगल्या कामालाही वाकडं म्हणतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. दाराशी कुणी घोंगडीत काहीतरी गुंडाळून उभा असेल, कुणाचं एक वर्ष माझ्या शब्दावर टांगलेलं असेल. त्या वेळी मी सरळ असायला हवा.