मागून पोलीस, पुढून ताई

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं जाकीट आहे आणि मी पोलीस नाही. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण ती न सांगितल्यामुळे एकदा मोठाच घोळ झाला होता. तो मी सांगणारच आहे, पण जरा दम धरा.

मला शिवलं एका आजीने. तिची सगळी नोकरी गणवेशांच्या कारखान्यात गेली. पोलीस, टपालवाले, आगीचे बंब चालवणारे, सगळ्यांच्या पाठी तिच्या मशीनखालून गेलेल्या. निवृत्त झाल्यावर तिने एक जुनं मशीन घरी आणलं आणि खिडकीशी मांडलं. तिथे बसून ती शेजाऱ्यांचे पडदे शिवायची आणि पडदे किती कंटाळवाणे असतात याबद्दल कुरकुर करायची.

माझ्या जन्माचं कारण मात्र आनंदाचं नव्हतं. आजीची सून घरोघर जाऊन तपासणीसाठी लोकांचं रक्त घेते. सगळे तिला रक्तवाल्या ताई म्हणतात. सकाळी सकाळी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेली असतात, आणि उपाशी माणूस किती चिडका असतो हे तुम्हाला घरच्या अनुभवावरून ठाऊक असेल. गल्लीबोळांत वेळेवर पोचायचं म्हणून ती सायकलने जाते. एका सकाळी एक गाडी तिला इतकी खेटून गेली की गाडीचा आरसा कोपराला लागला, ताई पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

हात गळ्यात बांधून ती घरी आली तेव्हा तिच्या मुलीने एकच धोशा लावला. या मुलीला घरात मुंगी म्हणतात, कारण ती अंगाने एवढीशी आहे आणि एका जागी म्हणून बसत नाही. तिचे बाबा बोटीवर नोकरी करतात आणि महिनोन्‌महिने घरी नसतात. त्यामुळे आईची काळजी आता आपणच करायची, असं तिने परस्पर ठरवून टाकलेलं होतं.

"आई, सायकल विकून टाक."

"विकली तर काम कसं करू गं?"

"मग गाड्यांना सांग लांबून जायला."

"गाड्या कुणाचं ऐकतात का?"

"पोलिसांचं ऐकतात," आजी मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

झालं. दुसऱ्याच दिवशी मी कापडाचा तुकडा होऊन तिच्या मशीनवर आलो. डोळ्यांत भरेल असं भडक पिवळं अंग, त्यावर चंदेरी चमकपट्ट्या, आणि छातीभोवती नि पाठीवर पोलिसांच्या जाकिटावर असतो तसा निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट्टा. पाठीवर, जिथे 'पोलीस' असं लिहिलेलं असतं नेमक्या त्याच जागी, तसल्याच जाड अक्षरांत आजीने लिहिलं, 'सावकाश जा'.

"पोलीस असं लिहिलं तर तो गुन्हा," आजी दोरा तोडत म्हणाली. "पण सावकाश जा म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही."

ताईचं हाड जुळलं आणि आम्ही कामाला लागलो. आता माझी एक अडचण ऐका. रक्ताच्या नळ्यांना हिसके बसू नयेत म्हणून ताई त्यांची पिशवी पुढे, पोटाशी घट्ट बांधते. पिशवी मोठी आहे. माझी पुढची सगळी बाजू तिच्याखाली झाकून जाते, आणि मला दिसतं ते फक्त मागचं. ताई पुढचा रस्ता बघते आणि मी मागून येणारी तोंडं बघतो. पहिल्या दिवसापासून मला या तोंडांचा नादच लागला. मी जात्याच भोचक आहे, त्याला इलाज नाही.

काय गंमत असते सांगू? लांबून गाडी येते. चालवणारा जांभई देत असतो, किंवा कणीस खात असतो, किंवा मांडीवरच्या फोनकडे बघून एकटाच हसत असतो. मग त्याची नजर माझ्यावर पडते. फोन गायब! पट्टा ओढून खटकन लावला जातो. पाठ ताठ होते, दोन्ही हात चाकावर येतात आणि चेहऱ्यावर असा काही साळसूदपणा पसरतो की हा मनुष्य जन्मात कधी चुकला नसावा असं वाटावं. मग गाडी हळू होते, चांगला ऐसपैस वळसा घेते आणि अदबीने पुढे जाते. पुढे गेल्यावर तो वळून बघतो. पोटाशी पिशवी बांधलेली, घामाघूम झालेली ताई दिसते. मग कुणी हसतो, कुणी कपाळावर हात मारतो, आणि कुणी असं काही बोलतो की ते मी तुम्हाला सांगणार नाही.

एकदा तर खऱ्या हवालदारानेच आम्हाला थांबवलं. त्याने मला मागून बघितलं, पुढून बघितलं, चौकड्यांवरून बोट फिरवलं.

"बाई, हे कुठून आणलंत?"

"सासूबाईंनी शिवलंय."

"मागून मी सलाम ठोकणार होतो हो तुम्हाला!" तो म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "गुन्हा म्हणावा तर 'पोलीस' असं कुठे लिहिलेलं नाही. पण बरं म्हणावं असंही नाही हे. जपून वापरा."

जपून म्हणजे कसं, ते त्याने सांगितलं नाही.

घरी मात्र माझा थाट होता. रोज संध्याकाळी मुंगी पहिला प्रश्न विचारायची, "आज गाड्या कशा गेल्या?" आणि ताई म्हणायची, "लांबून." सकाळी आई वळणाआड जाईपर्यंत मुंगी गॅलरीत उभी राहायची, दूध तसंच गार होऊन जायचं. ते हळूहळू बंद झालं. मी फुशारून गेलो. तरी एक शंका मला आतून कुरतडत होती. ही माणसं जागा देतात ती नक्की कुणाला?

आता तो घोळ.

एका शाळेसमोरच्या रस्त्यावरून ताईला उजवीकडच्या गल्लीत वळायचं होतं. वळायच्या आधी हात बाजूला करून दाखवायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. ती रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. एक पाय टेकवला आणि हात सरळ बाजूला धरला. समोरून एक टेंपो येत होता, तो गेला की ती वळणार होती.

माझ्या मागच्या गाड्या मात्र एका ओळीत थांबल्या. मागून त्यांना काय दिसलं? चौकडे, चमकपट्ट्या आणि अडवणारा हात. फुटपाथवर शाळेची लहान मुलं रस्ता ओलांडायला थांबलेली होती. त्यांनीही बाजूने तेच बघितलं. पोलिसाने गाड्या थांबवल्या म्हणजे आपल्यासाठीच, असं त्यांना वाटलं. एकमेकांचे हात धरून ती निर्धास्तपणे पट्ट्यांवर उतरली.

टेंपोवाल्याला ताई पुढून दिसत होती. पुढून ती पोलीस नव्हती. सायकलवरची एक बाई होती, आणि तिच्यासाठी तो कशाला थांबेल?

मला टेंपो दिसला नाही, पण ताईचं अंग माझ्या आत एकदम ताठ झालेलं कळलं. तिने सायकल टेंपोच्या वाटेत ढकलून दिली आणि दोन्ही हात वर करून किंचाळत पट्ट्यांवर धावली. ब्रेक कर्कश वाजले. काहीतरी चेपल्याचा आवाज आला. मग ती मुलांकडे वळली, आणि टेंपो मला पाठीशी दिसला. हात लांब केला असता तर लागला असता. सायकलचं पुढचं चाक त्याच्या खाली होतं.

मुलांना कुणालाच काही झालं नव्हतं. सायकल ढकलताना पिशवी हँडलवर आपटून नळ्या फुटल्या होत्या आणि माझ्या कडेवर लाल डाग पडला होता. टेंपोवाला खाली उतरला.

"बाई, मला वाटलं तुम्ही वळताय!"

"मी वळतच होते," ताई म्हणाली.

पट्ट्यांवरची मुलं अजून तिथेच, हातात हात घालून उभी होती. त्यांतल्या सगळ्यांत लहान मुलीने माझा काठ ओढला आणि विचारलं, "पोलीसकाकू, आता जाऊ?"

मित्रांनो, इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

घरी येऊन ताईने मला उतरवलं आणि आजीच्या मशीनवर ठेवलं. "आई, याचे चौकडे उसवा."

"का? काय खोट निघाली माझ्या शिलाईत?"

"खोट नाही. तुमची शिलाई फारच हुबेहूब आहे, तीच अडचण आहे." तिने घडलं ते सांगितलं. आजीने कात्री उचलली, पण मुंगीने मला तिच्या हातातून ओढून पोटाशी धरलं.

"नाही उसवायचं! ती मुलं वाचली ना?"

"आज वाचली. ती माझ्या भरवशावर उतरली होती, मुंगे, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता."

"पण तू पोलीस नाहीस हे कळलं की ते तुला पुन्हा पाडतील," मुंगी म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. ताईने आजीच्या हातातली कात्री काढून ठेवली.

त्यानंतर मी दारामागच्या खुंटीवर लटकलो. माझ्यावर छत्री आली, मग बाजाराची पिशवी आली. ताई थोडे दिवस बसने गेली, सगळीकडे उशिरा पोचली आणि उपाशी लोकांची बोलणी खाऊन आली. चाक दुरुस्त झाल्यावर ती माझ्याशिवायच सायकलने निघाली. मुंगी पुन्हा गॅलरीत उभी राहायला लागली आणि दूध पुन्हा गार व्हायला लागलं.

एका सुट्टीच्या दिवशी तिनेच मला खुंटीवरून काढलं आणि आजीसमोर ठेवलं.

"आजी, उसव. सगळे चौकडे काढ. 'सावकाश जा' पण काढ. आणि तिथे 'मुंगीची आई' असं लिही. मोठ्ठं."

"अगं, मुंगी कोण हे लोकांना काय ठाऊक?"

"विचारू देत की मग!"

आजी चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्यावरचा एकेक टाका उसवला. ज्या बाईने उभा जन्म गणवेश शिवले, तिने आपल्याच हाताने माझा गणवेश उतरवला. मग गडद निळ्या कापडाची अक्षरं कापून माझ्या पाठीवर बसवली.

मी पुन्हा रस्त्यावर आलो. चौकड्यांशिवाय मला उघडं पडल्यासारखं वाटत होतं, पण उत्सुकताही तितकीच होती. माझ्या शंकेचं उत्तर आता मिळणार होतं. मिळालंही. काही जण अक्षरं वाचून हसतात आणि जागा देतात. काही वाचतच नाहीत. मी मोजमाप करणारा नाही, पण इतकं नक्की सांगतो, आईला पोलिसापेक्षा हातभर जागा कमीच मिळते.

संध्याकाळी मुंगी विचारते, "आज गाड्या कशा गेल्या?" ताई म्हणते, "लांबून." मला मागचं सगळं दिसतं, म्हणून मला ठाऊक आहे की हे रोज खरं नसतं. एकदा एक आरसा माझ्या बाहीला घासून गेला आणि काळा ओरखडा उमटला. घरी आल्या आल्या, चप्पलही न काढता, ताईने तो साबणाने धुऊन टाकला.

आणि मग ती सकाळ आली. रस्ता अरुंद होता. एक गाडी आमच्या अगदी मागे लागलेली, चालवणाऱ्याच्या कपाळावर आठ्या, कधी एकदा पुढे घुसतोय असं त्याला झालेलं. शेजारी एक मुलगा बसला होता. नुकतंच वाचायला शिकलेली मुलं दिसेल ते वाचतात, तसं त्याने उघड्या खिडकीतून मोठ्याने वाचलं, "मुं... गी... ची... आई. बाबा, मुंगी कोण?"

त्या माणसाने पहिल्यांदा नीट बघितलं. माझ्याकडे नाही. हेल्मेटखालून निसटलेल्या ताईच्या केसांकडे, चढावर तिच्या दमलेल्या पायांकडे. त्याच्या आठ्या उलगडल्या. पुढे रस्ता रुंद होईपर्यंत तो मागे थांबला, मग चांगला लांबून गेला, आणि मुलगा हात हलवत राहिला.

त्या संध्याकाळी ताईने हे सगळं रंगवून सांगितलं. मुंगीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बाकीच्या?"

"काही जवळून गेल्या," ताई म्हणाली.

"मला माहितीये," मुंगी म्हणाली. "बाही धुताना मी बघितलं होतं तुला."



मित्रांनो, आता माझा रंग विटलाय आणि चमकपट्ट्यांना भेगा पडल्यात. आजी अधूनमधून टाके घालते म्हणून मी टिकून आहे. माझ्यासारखी जाकिटं तुमच्या घरी असतील तर ती छत्रीखाली गाडून टाकू नका. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुम्ही अजून गाडी चालवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही गाडीत बसता, आणि तुमचे बाबा, आई, मामा कधीकधी फार घाईत असतात. पुढे सायकलवर एखादी पाठ दिसली आणि तिच्यावर काही लिहिलेलं असलं, तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. बहुतेक पाठी कोऱ्याच असतील. त्याही वाचा.