उजव्या खिडकीचा प्रवासी

सोमवारी कारखाना पाडणार होते, म्हणून गेल्मिना शनिवारी सकाळीच फाटकावर हजर झाली.

तोंदेल्लोंच्या खेळण्यातल्या आगगाड्या एके काळी अर्ध्या युरोपातल्या पोरांच्या पलंगाखालून धावायच्या. कारखाना बंद पडून तेवीस वर्षं झाली होती. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या शेडची छपरं फोडून झाडं वर आली होती. मालक गेले, मशिनं गेली, फाटकाची एक झडपही गेली. पहारेकरी ओनोरिओ मात्र उरलेल्या झडपेशी खुर्ची टाकून बसायचा. त्याला कामावरून काढायला कुणी उरलंच नव्हतं.

"काय काम?" ओनोरिओनं विचारलं. कालच बारमध्ये पत्ते खेळताना हा तिला अगंतुगं करत होता; पण फाटकावर सगळ्यांना 'तुम्ही'.

"माझं एक माणूस आत राहिलंय."

"बाई, आत आता उंदीरसुद्धा राहत नाहीत. खाणार काय?"

"नखाएवढं आहे. त्याला काही लागत नाही."

"जा. पण बाहेर येताना पिशवी दाखवायची."

"अहो, परवा सगळं पाडतायत!"

"परवाचं परवा."

गेल्मिनानं इथे सोळाव्या वर्षापासून डब्यांतले प्रवासी रंगवले. प्रवासी एकाच बाजूनं रंगवायचे, खिडकीतून दिसते तेवढी. आतली बाजू कोण बघतंय? तिथे रंग लावणं म्हणजे मालकाचं नुकसान. त्यामुळे तोंदेल्लोंच्या गाड्यांतून साऱ्या जगभर अर्ध्या चेहऱ्याची माणसं प्रवास करत होती आणि कुणाची तक्रार नव्हती.

कामगारांच्या बसमध्ये ती चढायची तेव्हा पलीकडच्या शेडमधला सेवेरीनो डाव्या खिडकीशी आधीच बसलेला असे, गळ्यात हिरवा मफलर, नजर बाहेर. ती पलीकडच्या बाकावर बसायची. उतरायला पुरुषांना पुढचं दार, बायकांना मागचं. नऊ वर्षांत दोघं बोलली नाहीत. पण तिनं उजव्या खिडकीचे प्रवासी मुद्दाम मागून घेतले, कारण त्यांचा उजवा गाल रंगवायचा असे, तिला त्याचा दिसे तोच; आणि दर डब्यात एकाला हिरवा मफलर दिला. मग एका सोमवारी ती जागा रिकामी दिसली. बेल्जियमला गेला, एवढंच कळलं.

पुढे तिनं लग्न केलं. नवरा चांगला होता, पण तो सगळ्या बाजूंनी पाहिलेला.

शेडमध्ये तिचं टेबल नव्हतं, पण जागा डोळे मिटून सापडली. तिच्या हातून एक मफलरवाला शेड तापवणाऱ्या रेडिएटरमागच्या फटीत पडला होता आणि तेव्हा निघाला नव्हता. रेडिएटर भंगारवाल्यांनी नेले होते. तिनं त्यांना मनापासून दुवा दिला आणि विणायची सुई फटीत घातली. धूळ, एक बटण, एक मेलेली माशी, आणि मग तो. मफलर अजून हिरवा होता.

फाटकावर ओनोरिओनं पिशवी उघडली, रुमालाची गाठ सोडली आणि चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"सेवेरीनो," तो म्हणाला.

गेल्मिनाचे कान तापले. "तुम्हाला काय माहीत?"

"सगळ्या कारखान्याला माहीत होतं. पॅकिंगच्या बायका पैजा लावायच्या, पहिलं कोण बोलतंय म्हणून."

"आणि त्याला?"

ओनोरिओ रुमालाची घडी घालत बसला. घडी नीट पडेना.

"शेवटच्या दिवशी त्यानं असाच एक मोज्यात लपवून आणला होता. मी काढून घेतला. नियम."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, राहू दे रे, तिनं माझी चांगली बाजू काढलीय. डावा गाल भाजलेला होता त्याचा, लहानपणी, उकळत्या दुधानं. म्हणून तर कायम काचेला गाल लावून बसायचा. मला रोज झडती घेताना समोरून दिसायचा." ओनोरिओनं स्वतःच्या गालावर, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत, अंगठा ओढला. "एवढा."

"रंग?"

"पिकत आलेल्या पीचसारखा. थंडीत जास्त लाल व्हायचा." मग रुमाल पुढे करत, फाटकावर पहिल्यांदाच, तो म्हणाला, "घेऊन जा गं."

"आणि नियम?"

"नियम मालाला आहे. हा कामगार आहे. सुटी झाली त्याची."

परतीच्या बसमध्ये डाव्या खिडकीची जागा रिकामी होती. गेल्मिना त्या जागेशेजारी बसली. सेवेरीनोला तिनं खिडकीच्या पट्टीवर ठेवलं, पाठ पुढे, तोंड मागे करून, म्हणजे रंग न लागलेला गाल तिच्या बाजूला येईल.

घर येईपर्यंत ती त्या कोऱ्या गालाकडे बघत राहिली.